मेंढी तीन जिवांची आहे, साहेब

प्रति,
पशुसंवर्धन खात्यात आणि मेंढी-शेळी विकासाच्या कामात ज्यांच्या सहीने योजना निघतात, त्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे पोटुशी बाई दोन जिवांची असते. मेंढी मात्र नुसती गाभण. तिचे जीव मोजायची कधी वेळच आली नाही, कारण दख्खनी मेंढी वेताला एक कोकरू देते, जुळं म्हणजे नवलच. आता आमच्या खांडात, म्हणजे कळपात, जुळी यायला लागली आहेत. एका संध्याकाळी आईने एका मेंढीच्या पोटाखाली हात घातला आणि म्हणाली, "ही तर तीन जिवांची हाय." त्या तिघांच्या जेवणाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

मी माण तालुक्यातला, पिढ्यान् पिढ्या मेंढक्याच्या घरातला. बारावीनंतर पशुसंवर्धनाची दोन वर्षांची पदविका केली. त्यामुळे गाव मला अर्धा डॉक्टर म्हणतं आणि खरे डॉक्टर तेवढाही मानत नाहीत. दोघांचंही बरोबर आहे. घरच्या चाळीस मेंढ्या. थोरला भाऊ आणि वहिनी वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या तांड्याबरोबर, फिरतात, आबा जमेल तेवढे दिवस त्यांच्याबरोबर असतात, मी गावात राहून इंजेक्शनं टोचतो आणि कुणाचे ना कुणाचे अर्ज भरतो. तुमच्या योजनांचे अर्जही मीच भरून देतो, तेव्हा त्यातले रकाने मला तोंडपाठ आहेत. जो रकाना त्यात नाही त्याच्याबद्दल हे पत्र.

२०२३ चा पावसाळा आमच्याकडे कसा गेला ते तुमच्या दफ्तरात आहेच. ऑगस्ट पार कोरडा. गवत उठलंच नाही, बाजरी वीतभर येऊन करपली. आमचा वाडा एरवी दिवाळी झाली की हलतो. त्या वर्षी दसऱ्यालाच हलला आणि खाली उसाच्या पट्ट्यात, फलटणच्या बाजूला उतरला. ऊसतोड सुरू झाली की तिकडं वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांना, तोटा नसतो. मेंढ्यांची पोटं टम्म दिसत होती, आम्ही निर्धास्त.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भावाचा फोन आला, "बांडी चरंना झालीया." बांडी तिसऱ्या वेताची, अंगाने भरलेली, कळपाच्या कायम पुढं चालणारी. दोन दिवस ती मागं रेंगाळत होती. तिसऱ्या दिवशी कळप उठला आणि ही कुंपणाकडं तोंड करून उभीच. हाकलली तर बाभळीच्या बुंध्यावर जाऊन आदळली. डोळे टक्क उघडे, पण दिसत नव्हतं. दात करकर खात होती. वहिनी म्हणाली, हिला बाहेरचं झालंय. आबांनी बिरोबाचं नाव घेऊन भंडारा लावला आणि गूळपाणी पाजलं.

मी पोचलो तेव्हा तिने बसकण मारली होती. ताप नाही, काटा १०२ वर. नाक कोरडं, हगवण नाही, त्यामुळे पीपीआर हा साथीचा रोग नाही. एकाच अंगाला गोल फिरत नव्हती, म्हणून गरगऱ्या नाही. मी आंत्रविषार म्हटलं, मग म्हटलं काहीतरी विषारी खाल्लंय. दोन्ही चूक. पदविकेच्या वहीत या आजाराचं एक पान होतं. ते परीक्षेला येत नाही असं वरच्या वर्गातल्या पोरांनी सांगितलं होतं, म्हणून मी ते उलटून टाकलं होतं.

रात्री औषध पाजायला तिचा जबडा उघडला आणि वास आला. नखांचा रंग पुसायचं पाणी असतं ना, तसा, थोडा सडक्या फळाचा. तेव्हा ते उलटलेलं पान आठवलं. कातडीखाली कॅल्शियम दिलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. तासाभराने तिने मान उचलली, मग परत टाकली. आजाराच्या पाचव्या दिवशी पहाटे गेली.

पोट फाडलं. आत दोन कोकरं, लोकर आलेली, खुरं आलेली, दहा-बारा दिवसांत बाहेर उड्या मारल्या असत्या. कलेजी पिवळट, मातकट, बोट लावलं की लोण्यासारखी चेपणारी. लहानपणापासून कलेजी बघत आलोय, तसली कधी पाहिली नव्हती. आणि पोट वाढ्याने गच्च भरलेलं. ती भरल्या पोटी उपाशी मेली होती.

या आजाराला पुस्तकात प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतात, कुठे कुठे जुळ्यांचा आजार म्हणतात. गायवाले ज्याला किटोसिस म्हणून ओळखतात त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच की गाय व्याल्यावर दुधाच्या ओढीने त्यात सापडते आणि मेंढी विण्याच्या आधीच. तुमच्यातल्या पशुवैद्यांना मी हे शिकवायचं म्हणजे काजव्याने सूर्याला वाट दाखवायची. पण योजनांवर सही करणारे सगळेच पशुवैद्य नसतात, म्हणून माझ्या भाषेत सांगतो.

मेंढी साधारण १४७ दिवस गाभण असते. पहिले साडेतीन महिने पोटातल्या जिवाचं मागणं थोडं. जन्माच्या वेळी कोकराचं जे वजन असतं त्यातलं सत्तर टक्क्यांहून जास्त शेवटच्या सहा आठवड्यांत चढतं. पोटात एक असेल तर आईला रोजच्या दीडपट ताकद लागते, दोन असतील तर दुपटीच्या आसपास. आणि नेमक्या याच दिवसांत खायला जागा उरत नाही. दोन कोकरं आणि त्यांच्या पाण्याच्या पिशव्या चाऱ्याच्या पोटाला रेटून धरतात. कडबा, वाढं, वाळलं गवत हा फोफसा चारा. जागा सगळी घेतो आणि ताकद थोडी देतो.

त्यात रवंथ करणाऱ्या जनावराची रीत वेगळी. आपण भाकरी खाल्ली की तिची साखर होऊन रक्तात जाते. मेंढीचं तसं नाही. तिच्या पोटातले जंतू चारा आंबवतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्यातल्या एका आम्लापासून यकृत साखर घडवतं. दाणा खाल्ला तर ते आम्ल जास्त होतं, नुसत्या काडावर कमी. पोटातली कोकरं वाढतात ती या साखरेवर, आणि आईचं रक्त रितं झालं तरी ती आपला वाटा सोडत नाहीत. मग मेंढी अंगावरची चरबी मोडायला काढते. ती सगळी यकृतात येऊन पडते. एवढी जाळायची त्याची कुवत नसते, अर्धवट जळून किटोन होतात. थोडे असले तर अंगाला चालतात. वाढले की रक्त आंबट होतं, भूक मरते, आणि भूक मेली की आणखी चरबी मोडावी लागते. सावकाराच्या व्याजासारखं आहे ते. मेंदूला साखर पोचत नाही म्हणून डोळे शाबूत असून दिसत नाही. वेळेत काही केलं नाही तर बहुतेक मेंढ्या आठवड्याच्या आत जातात.

आता आबांच्या गूळपाण्याचं. त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता, साखर कमी पडली होती हे खरंच. पण गूळ मेंढीच्या पोटात गेला की जंतूच तो आधी खातात. यकृताला थेट साखर मिळतच नाही, आणि जास्त पाजला तर पोट आंबून दुसरंच दुखणं लागतं. प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचं गोडसर, घट्ट औषध असतं. त्याचा बराच भाग जंतूंच्या तावडीतून सुटून यकृतात जातो आणि तिथे त्याची साखर होते. हे मला बांडी गेल्यावर कळलं. म्हणजे वहीत होतंच, पण कळलं तेव्हा.

मग मी उरलेल्यांच्या मागे लागलो. माणसांच्या मधुमेहात लघवीतले किटोन बघायच्या पट्ट्या मिळतात, त्या आणल्या. बसलेली मेंढी उठवली की ती बहुधा लघवी करतेच. पहाटे वाघुरीत, म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायच्या जाळीत, शिरायचं, एकेकीला उठवायचं आणि मागं पट्टी धरायची. पहिल्या दिवशी वहिनी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी तिनेच ते काम माझ्याकडून काढून घेतलं, कारण माझ्या चाहुलीने मेंढ्या आधीच उठत होत्या. सात मेंढ्यांची पट्टी जांभळी झाली, म्हणजे किटोन वाढलेले. त्यातल्या दोघींनीच चरणं कमी केलं होतं, बाकीच्या पाच वरून धडधाकट दिसत होत्या.

प्रोपिलीन ग्लायकॉल शोधायला अर्धा दिवस गेला. शेवटी एका दूध संकलन केंद्राशेजारच्या औषधाच्या दुकानात मिळालं, बाटलीवर गायीचं चित्र. दुकानदार म्हणाला, मेंढीला कोण देतं हे? ज्यांना जड पडलं होतं त्या दोघींना ६० मिली, दिवसातून दोनदा, तीन दिवस पाजलं. सगळ्या सातजणींना मक्याचा भरडा चालू केला, आधी मूठभर, मग वाढवत. सहा नीट व्याल्या. सातवीचं एक कोकरू मेलेलं निघालं, दुसरं जगलं. ते आता स्वतःच आई झालंय आणि भयंकर द्वाड आहे.

हे झालं आमच्या घरचं. आता तुमच्याकडे येतो.

जुळी आमच्या खांडात कुठून आली? आम्ही पैसे मोजून जुळ्यांच्या वाणाचा नर आणला म्हणून. त्या वाणाची गोष्ट मी कौतुकाने सांगतो, कारण ती आमच्याच सातारा जिल्ह्यात घडली. बंगालच्या सुंदरबनात गॅरोल नावाची मेंढी आहे. दहा-बारा किलोची, गुडघाभर चिखलात चरणारी, आमच्या मेंढीपुढे कोकरूच वाटावं अशी. ती जुळी-तिळी देते. तिच्यातल्या एका जनुकाने अंडाशयातून एका वेळी जास्त अंडी सुटतात. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजाने अशा मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या, तिथल्या मेरिनोत मिसळल्या, आणि पुढे तिथल्या लोकांना आपल्या मेंढ्या एवढी कोकरं कशी देतात याचं आश्चर्य वाटत राहिलं. २००१ मध्ये ते जनुक नेमकं कुठे आहे ते सापडलं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने मात्र त्याआधीच, नव्वदच्या दशकात, गॅरोल आणून आपल्या दख्खनीशी संकर सुरू केले होते. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून ते जनुक आमच्या अंगापिंडाच्या मेंढीत उतरवलं. नारी सुवर्णा तिचं नाव. रक्ताच्या तपासणीवरून कोणत्या मेंढीत ते आहे हे सांगता येतं. अशा मेंढ्या वेताला सरासरी दीड कोकराच्या आसपास देतात. मेंढक्याच्या हिशेबात अर्ध्या कोकराची भर म्हणजे काय, ते सांगायला नको.

पण ते जनुक अंडी वाढवतं. चारा वाढवत नाही, पोटातली जागा वाढवत नाही, कासेतलं दूधही फारसं वाढवत नाही. गॅरोलचं कोकरू मुठीएवढं असतं, तिच्या दोघांचं ओझं तिला पेलतं. आमच्या मेंढीच्या पोटात तिच्या मापाची दोन वाढतात. माझी विनंती इतकीच, की जुळ्यांच्या वाणाबरोबर त्या सहा आठवड्यांचा दाणाही जायला हवा. बियाणं सुधारलेलं आणि खत जुनंच, असं शेतात चालत नाही हे आपल्याला साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं.

मेंढीपालनाची महामेष योजना २०१७ पासून चालू आहे. वीस मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. तिच्यामुळे कितीतरी पोरं परत या धंद्यात आली, मी स्वतः अर्ज भरलेत त्यांचे. पावसाळ्यात धनगर कुटुंबांना चराई अनुदान मिळतं, जून ते सप्टेंबर, महिन्याला सहा हजार. त्यामागचं कारण रास्त आहे : रानं पेरलेली, वनखात्याची कुरणं बंद, मेंढरं न्यायची कुठं? दाण्यासाठीही अनुदान आहे. पण हे सगळं महिना बघून ठरतं. मेंढीचं पोट महिना बघत नाही.

जरा हिशेब मांडू. पहिला पाऊस पडला, कोवळं गवत आलं की मेंढ्या माजावर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये फळल्या की डिसेंबर-जानेवारीत वितात. म्हणजे ते सहा जड आठवडे येतात नोव्हेंबर-डिसेंबरात. त्या वेळी वाडा कुठे असतो? वाटेवर. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चाल, रोज नवा तळ, रात्री उघड्यावर थंडी, आणि कधी अवकाळी. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांचा पाऊस तुम्ही विसरला नसाल. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मेंढ्या गारठून शेकड्यांनी मेल्या. त्या थंडीने मेल्या, मी त्यांच्यावर दुसरं नाव चिकटवत नाही. पण गाभण, जुळ्यांची मेंढी एक दिवस उपाशी राहिली, भिजली, कुत्री मागं लागून पळाली, लांबच्या टेम्पोत उभी राहिली, एवढं तिला काठावरून ढकलायला पुरतं हे पुस्तकही सांगतं आणि बांडीने मला दाखवलं. त्या वर्षी आमचा वाडा दसऱ्याला हलला होता हे आठवा. तिच्या जड आठवड्यांच्या आधीपासूनच तिची चाल सुरू झाली होती.

त्यामुळे पहिलं मागणं : दाण्याच्या अनुदानातला काही भाग विण्याच्या आधीच्या सहा आठवड्यांना बांधा, मग ते कुठल्याही महिन्यात येवोत. आणि तो भाग वाटेवरच्या गावात मिळू द्या. ज्या गावात आमचं रेशनकार्ड आहे तिथं त्या दिवसांत म्हातारी माणसं आणि कोंबड्या असतात.

"सगळ्या मेंढ्यांना दाणा कुठून देणार?" हे तुम्ही विचारणारच, भाऊही हेच विचारतो. सगळ्यांना नकोच. पाव किलो भरडा, बेचाळीस दिवस, म्हणजे साडेदहा किलो. किलोला २५ रुपये धरले तर एका मेंढीमागे अडीचशेवर थोडे. आमच्या चाळीसही मेंढ्यांना घालायचं तर साडेदहा हजार झाले, ते भावाला परवडत नाही आणि सरकारलाही परवडायचं कारण नाही. पण चाळिसात जुळ्यांच्या बारा असतील तर खर्च येतो तीन हजार दीडशे. एका कोकराच्या किमतीत काम झालं. अडचण फक्त एक आहे, त्या बारा कोणत्या?

गाभण राहिल्यापासून साधारण ४५ ते ९० दिवसांत सोनोग्राफीने पोटातली कोकरं मोजता येतात. न्यूझीलंडमध्ये, ब्रिटनमध्ये मेंढ्या ओळीने यंत्राखालून जातात, पाठीवर रंगाचा ठिपका पडतो, एकवाल्या एका रानात आणि जुळ्यांच्या दुसऱ्या रानात. आपल्याकडे त्यांच्यासारखी रानं नाहीत हे मला कळतं. पण ठिपका तर मारता येईल? लोकर कातरल्यावर ओळखीसाठी गेरूचा पट्टा आम्ही ओढतोच. १९६२ नंबरला फोन केला की जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी येते, ती आणखी चांगली यावी एवढीच इच्छा. त्या गाड्यांतल्या थोड्यांत तरी पोटाचं यंत्र आणि ते चालवायला शिकलेला माणूस द्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात वाडे अजून घरी असतात, एका गावात एका दिवसात शे-दोनशे मेंढ्या सहज बघून होतील. नंतर आम्ही कुठे सापडू ते आम्हालाही माहीत नसतं.

यंत्र येईपर्यंत हात आहेत. लोणंदच्या बाजारात व्यापारी मेंढीच्या कमरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागं बोटं रुतवतो आणि क्षणात सांगतो किती मटण पडेल. आम्हीही तसंच चाचपतो, विकायच्या वेळी. तीच बोटं गाभण मेंढीवर शेवटच्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला ठेवायची. हाडांचे टोकदार शेंडे लागले तर ती खाली चालली आहे, दाणा वाढवा. हाडं लागतच नसतील तर तीही धोक्यात आहे. हो, लठ्ठ मेंढीही यात सापडते. चरबी आतून जागा खाते आणि शेवटी शेवटी तिची भूकच कमी होते. ही गोष्ट आमच्यापेक्षा बंदिस्त पालन करणाऱ्या नव्या मंडळींना सांगायला हवी. जतकडच्या माडग्याळ मेंढ्या लाखालाखाने घेतात, खुंटीला बांधून काजू-बदामापर्यंत काहीही चारतात, फोटो काढतात. हौसेला मोल नसतं, पण गाभण मेंढीला चालणं लागतं. दिवसभर खुंटीला राहिलेली फुगीर मेंढी आणि बारा कोस दमलेली काटकुळी मेंढी, दोघींच्या कलेजीचा रंग शेवटी एकच.

वाढ्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. उसाच्या पट्ट्यात हिवाळाभर आम्ही वाढ्यावर काढतो आणि शेतकरीही जनावराला तेच घालतो. वाढ्यात ऑक्झलेट भरपूर, ते चाऱ्यातला चुना धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. पोटातल्या दोघांची हाडं मात्र त्याच दिवसांत घडत असतात. म्हणून गाभण मेंढी कॅल्शियम कमी होऊनही बसते, आणि बसलेली मेंढी दोन्ही आजारांत लांबून सारखीच दिसते. नुसतं कॅल्शियम कमी असेल तर वेळेत दिलेल्या कॅल्शियमने ती बघता बघता उठते. बांडीने तासभर मान उचलली, म्हणजे तिच्यात दोन्ही असावं असं मला आता वाटतं. वाढं बंद करा असं सांगणं सोपं आहे, पण दुष्काळात दुसरं काही दाखवल्याशिवाय ते सांगू नये. त्याबरोबर खनिज मिश्रण द्या, थोडा तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा मिसळा, सुबाभळीचा पाला घाला, बाभळीच्या शेंगा घाला. आबा शेंगा पोत्यात भरून ठेवायचे, वाटेवर गाभण मेंढ्यांनाच घालायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, आमचा बा घालायचा.

औषधांचं थोडक्यात सांगतो. प्रोपिलीन ग्लायकॉल, कॅल्शियमची बाटली आणि लघवीच्या पट्ट्या, हे त्रिकूट मेंढ्यांच्या भागातल्या प्रत्येक दवाखान्यात नोव्हेंबर ते जानेवारी असावं, आणि बाटलीवर मेंढीचा डोस मराठीत असावा. मेंढी जड झाली असेल तर डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला वेळेआधी व्यायला लावण्याचाही उपाय आहे. पोट रिकामं झालं की आईवरची ओढ सुटते. पण कोकरं जगतील असे दिवस भरलेत का, हे ठरवायला फळल्याची तारीख लागते, आणि नर वर्षभर कळपात मोकळा असेल तर तारीख कुणाला माहीत असणार? नर ठरावीक दिवसच सोडा, असं आम्हालाही सांगा. ही चूक आमची आहे, तुमच्यावर टाकत नाही.

राज्यात २०१९ च्या पशुगणनेत २७ लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. वाटेवर मेंढी मेली की बहुतेकदा कारण लिहिलं जातं अशक्तपणा, थंडी, विषबाधा. गाभण होती का, पोटात किती होती, कलेजी कशी होती, हे तीन प्रश्न पंचनाम्याच्या कागदावर घाला. दोन हिवाळ्यांत तुम्हाला कळेल की हा आजार आमच्या एका वाड्याचा आहे की सगळ्या घाटमाथ्याचा. मेंढी-शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं दहिवडीला आहेत, रांजणीला आहेत, महूदला आहेत. तिथल्या कळपांत एका हंगामात हे करून बघा : पोट मोजायचं, जुळ्यांच्या अर्ध्यांना पाव किलो, अर्ध्यांना नेहमीचं, आणि विताना दोन्हीकडची कोकरं काट्यावर घालायची. माझं म्हणणं खोटं निघालं तर मी मान्य करीन, आणि भरडा कोंबड्यांना घालीन.

आणि शिकवायचं असेल तर वाड्यावरच्या बायांना शिकवा. मेंढरं चारायला पुरुष नेतात, पण तळावर कोकरं, आजारी, मागं राहिलेलं जनावर हे सगळं बाई बघते. बांडी मागं रेंगाळतेय हे वहिनीला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. तिला कुणी सांगितलेलं नव्हतं की शेवटच्या महिन्यात चरणं सोडून एकटी उभी राहिलेली गाभण मेंढी म्हणजे त्याच दिवशी काहीतरी करायचं, उद्या नाही. तालुक्याच्या सभागृहातली प्रशिक्षणं चांगली असतात, जेवणही देतात, पण तिथं वाड्यावरची बाई येऊच शकत नाही. तुमचा माणूस तळावर येऊ शकतो. संध्याकाळी सहानंतर यावं, चहा शेळीच्या दुधाचा मिळेल.

यंदा आम्ही जुळ्यांच्या वाटतात त्या मेंढ्यांना गेरूचा ठिपका मारलाय. हाताने आणि आईच्या अंदाजाने, यंत्राने नाही. चौदा आहेत. भावाच्या मते अकरा, आईच्या मते सोळा. कोण बरोबर ते जानेवारीत कळेल. तोवर त्यांना संध्याकाळी वाघुरीत शिरायच्या आधी वेगळा भरडा मिळतो, आणि आता इतर मेंढ्या त्या ठिपक्याकडं संशयाने बघायला लागल्या आहेत.

वाडा दिवाळीनंतर फलटणच्या खाली नीरेच्या काठाकाठाने असेल. तुमच्यापैकी कुणी आलंच, तर येताना पट्ट्यांची एक डबी आणा. आमची संपत आली आहे.

आपला,
माणदेशातला एक मेंढका